फक्त ओळखीच्यांसाठी

माणसाने जन्मात एकदा तरी आपल्या दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नियम करावेत असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. घराच्या दाराला ते जमलं नाही. आमच्या अंबाजोगाईच्या कॉलनीत दार वाजवून आत यायची पद्धतच नाही. माणूस आधी आत येतो, पंख्याखाली बसतो, पाणी मागतो आणि मग "काय चाललंय अप्पा" म्हणून विचारतो. म्हणून मी ई-मेलच्या दाराला नियम करायला गेलो. त्याचं काय झालं ते सांगतो. ऐकून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही, कॉलनी तेव्हापासून हसतेच आहे.

मी सिद्धलिंग. पाटबंधारे खात्यात आवक-जावक टेबलावर उमेदीची वर्षं घालवली आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडलो. आवक-जावक म्हणजे ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र नोंदवायचं, त्याला नंबर द्यायचा आणि पाठवणाऱ्याला पोच द्यायची. पत्र कुणाचंही असो, पोच गेलीच पाहिजे. पत्रावर पुढे काम होतं की नाही हा वेगळा विषय आहे आणि तो माझ्या टेबलाचा नव्हता. पण सिद्धलिंगने पोच दिली नाही असं म्हणणारा माणूस धरणाच्या या काठाला सापडणार नाही, त्या काठालाही नाही.

ई-मेलचं खातं उघडलं ते मुलीपायी. शिवांजलीने नर्सिंगचा कोर्स केला, चांगल्या मार्कांनी केला. पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलची जाहिरात पेपरात आली तेव्हा तिने अर्ज भरला. त्या अर्जात नाव, पत्ता, जात, वजन यांच्यासोबत ई-मेलचाही रकाना होता. सन दोन हजार चार-पाचचा सुमार. तोवर आमच्या कॉलनीत ई-मेल हा प्रकार कुणी पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला होता म्हणून सांगितलं, ते खोटं बोलत होते.

"पप्पा, माझ्या नावानं खातं काढते," शिवांजली म्हणाली. "नोकरी माझी हाय ना."

मी तिला समजावलं. घरात रेशनकार्ड एक, लाइटचं मीटर एक, टेलिफोन एक, सगळं माझ्या नावावर. मग मुलीच्या नावाने वेगळं खातं कशाला? पत्र तुझंच येईल, पण कर्त्या माणसाचं नाव असलं की त्याला वजन राहतं. तिने हट्ट धरला नाही. ती लहानपणापासून समजूतदार आहे, निदान मी तसं धरून चाललो होतो.

खातं उघडून दिलं मतीनने. मोंढा रस्त्यावर त्याचे वडील पाशाभाई यांचं फळांचं दुकान. ते मतीनने मधोमध प्लायवूड मारून वाटून घेतलं होतं: अर्ध्यात पाशाभाईंची मोसंबी, अर्ध्यात याचं सायबर कॅफे. मतीनची बहीण इरम शिवांजलीच्याच वर्गातली आणि तिनेही त्याच हॉस्पिटलला अर्ज केलेला. दोघी मिळून पुण्याला जाऊन मुलाखत देऊन आल्या. तुमची निवड झाली तर मेलने कळवू, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. तेव्हापासून शिवांजलीचं सगळं चित्त त्या एका पत्रात होतं. सकाळी भांडी घासताना ती माझ्याकडे बघायची, आणि मी न विचारताच सांगायचो, "अजून काही न्हाई."

मी मात्र खात्याच्या तयारीला लागलो होतो. दारावरच्या नावाच्या पाटीखाली ई-मेलचा पत्ता रंगवून घेतला. पेंटरने मधलं ते वेटोळं असं काढलं की येणारा-जाणारा जिलेबीचं दुकान कधी टाकलं म्हणून विचारायचा. पण पत्ता मिरवण्यासारखा होता, आणि कॉलनीतल्या प्रत्येकाने तो उतरवून नेला. पूर्वी शेजाऱ्याचा टेलिफोन नंबर आपला म्हणून द्यायची जशी पद्धत होती तशी आता माझा ई-मेल द्यायची पद्धत पडली. याचा मला अभिमान वाटला हे मी लपवत नाही.

पहिल्या आठवड्यात कंपनीचं स्वागताचं पत्र आलं. मी पोच दिली. तिच्या उत्तरात पत्र आलं की, या पत्राला उत्तर देऊ नये. पत्र पाठवायचं आणि उत्तर घ्यायचं नाही! आमच्या खात्यातही हेच चालायचं, पण लेखी कबूल करायची हिंमत कुणी केली नव्हती.

मग परदेशातल्या एका मंत्र्याच्या विधवा पत्नीचं पत्र आलं. नवरा वारला होता, ठेव बँकेत अडकली होती आणि ती सोडवायला तिला एका विश्वासू माणसाची गरज होती. एवढ्या जगात तिने अंबाजोगाईचा माणूस निवडला याचं, खरं सांगायचं तर, मला फारसं नवल वाटलं नाही. पण मी भाबडा नव्हे. मतीनकडून इंग्रजीत उत्तर टाइप करून घेतलं: आपले पत्र मिळाले, मृत्यूचा दाखला व वारस प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती जोडल्यास पुढील विचार करण्यात येईल.

बाईने प्रती जोडल्या नाहीत. पण तिने माझा पत्ता तिच्या साऱ्या गोतावळ्याला दिला असावा. सोडत लागल्याची पत्रं, बिनव्याजी कर्जाची पत्रं, घरबसल्या पदवीची पत्रं, अशी रीघ लागली. मी एकेकाला पोच देत गेलो. जितकी पोच द्यावी तितकी आवक वाढायची. मतीन कौतुकाने म्हणायचा, "अप्पा, कलेक्टरला येत नसतील एवढे मेल येतात तुमाला. लई वट हाय."

एके दिवशी शिवांजली माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने पाहिलं मी काय करतोय ते.

"पप्पा, पोच कावून देता? पोच दिली की त्यांना कळतं हितं माणूस राहतो म्हणून."

मला ते लागलं. ज्या एका गुणावर मी नोकरी केली तोच हिने काढावा! पोच देणं मी बंद केलं, पण तोवर माझ्या नावाचा डंका व्हायचा तो झाला होता.

आता मला पडद्यावर वाचलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि भारनियमनात अर्धं पत्र वाचून होईस्तोवर वीज जायची. म्हणून मी मतीनला सांगून ठेवलं होतं की आलेलं सगळं छापून गठ्ठा करून ठेवत जा. एकदा मी लातूरला गेलेलो असताना वत्सलाबाई पाशाभाईंकडे मोसंबी घ्यायला गेल्या. वत्सलाबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि भिंतीचा उपयोग कान टेकायला करतात. मतीनने भलेपणाने माझा गठ्ठा त्यांच्या हाती दिला. गठ्ठ्यात वरच पुरुषांच्या औषधाची जाहिरात होती. अक्षरं इंग्रजी होती, पण चित्राला भाषा लागत नाही. पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ आणि त्याची बायको खाटेवर बसून नको तितकी हसत होती.

वत्सलाबाईंनी तो गठ्ठा पदराखाली झाकून आणला, आमच्या हिच्या, म्हणजे गंगासागरच्या हातात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "गंगासागर, वाईट वाटून घिऊ नगं. वय झालं की व्हतं पुरुषमाणसाचं. पर परदेशातून कशापायी मागवायचं? माजलगावला एक वैद्य हाय, माज्या भावजयीच्या ओळखीचा."

मी लातूरहून आलो तेव्हा कॉलनी माझ्याकडे एका वेगळ्याच मायेने बघत होती. मारुतीच्या पारावरचे म्हातारे सरकून जागा देऊ लागले. चुंबकीय गाद्या विकणारे राधाकिशन तर घरीच आले. त्यांचं पूर्वी कापडाचं दुकान होतं; हल्ली साखळीतून गाद्या विकायचे, म्हणजे तुम्ही गादी घ्यायची आणि आणखी गिऱ्हाइकं आणून त्यांच्या गळ्यात घालायची. ते म्हणाले, "अप्पा, सगळ्या दुखण्यावर चालती. सगळ्या म्हंजे सगळ्याच." गंगासागर आत स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. त्या दिवशी तिने भाकरी फार जोरात थापल्या.

मी थेट मतीनकडे गेलो. म्हटलं, हे बंद झालं पाहिजे. मतीन म्हणाला, "याला स्पॅम म्हणतात अप्पा. नियम करून टाकू. ह्या शब्दाचं पत्र आलं की कचऱ्यात, त्या शब्दाचं आलं की कचऱ्यात. आपोआप."

नियम! मी खुर्ची पुढे ओढून घेतली. मी साऱ्या नोकरीत दुसऱ्यांचे नियम पाळले. मंत्रालयातून येणारे, बदलणारे, परत पहिल्यासारखे होणारे. आता नियम करणारा मी होतो आणि तो जिथल्या तिथे लागू होणार होता. मी औषध या शब्दाचा नियम सांगितला. मतीनने तो घातला. शिवांजलीला कळलं तेव्हा ती जेवणावरून उठली.

"पप्पा, माझं पत्र हॉस्पिटलातून यायचंय. त्यात औषध न्हाई तर काय सिमेंट असणार?"

औषध काढलं. मग नोकरी हा शब्द घातला, कारण लंडनच्या हॉटेलात नोकरी लागल्याची पत्रं रोज यायची. तोही काढावा लागला. अभिनंदन घातला, तो तिने माझ्यासमोर मतीनला काढायला लावला. शेवटी विधवा, सोडत आणि बिनव्याजी एवढे तीनच शब्द राहिले. विधवांनी स्वतःला अनाथ मुली म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि औषधवाले स्पेलिंगच्या मध्ये आकडे घालून येऊ लागले. चोरांची नियम मोडण्याची हुशारी मी खात्यात पाहिली होती, पण ते आपले ओळखीचे चोर होते.

याच सुमाराला आमचा टेलिफोन मुका झाला. एका नव्या मोबाइल कंपनीची वायर टाकायला रस्ता खोदला, त्यात जुन्या फोनची वायर तुटली. टेलिफोन ऑफिसात गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, तक्रार फोनवरूनच नोंदवावी लागते. मी म्हटलं, फोनच बंद आहे. तो म्हणाला, मग चालू झाला की नोंदवा. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं, आणि तेच मनाला जास्त लागलं.

ई-मेलचा तोडगा काढला उत्तरेश्वर गुरुजींनी. गुरुजी समोरच्या घरात राहतात, शाळेत शिकवतात असं म्हणतात आणि विम्याची एजन्सी चालवतात. त्यांच्या ओळखी बीडपासून उदगीरपर्यंत. कुठल्याही ऑफिसातलं काम सांगा, गुरुजींचं पहिलं वाक्य ठरलेलं: "तिथं आपला माणूस हाय."

पंख्याखाली बसून ते म्हणाले, "अप्पा, तुमी उलटं करायलात. कुणाला आत घ्यायचं न्हाई ह्याची यादी कुठवर करताव? ती काय संपायची न्हाई. कुणाला घ्यायचं तेवढी करा. आपण घरात घेतो का अनोळखी माणसाला? ओळखीचा असला तर बसवतो, नसला तर बाहेरच्या बाहेर वाटंला लावतो. तसंच करा की."

मला ते इतकं पटलं की मी स्वतःवरच चिडलो. हे मला कसं सुचलं नाही? खात्यात काय होत होतं? अनोळखी माणसाचा अर्ज खाली, ओळखीच्याचा वर. यात कुणाचं वाकडं झालेलं नव्हतं, निदान आमच्यापैकी कुणाचं. मतीननेही शोधून काढलं की तशी सोय आहे: फक्त ओळखीच्यांची पत्रं आत, बाकी सगळी थेट कचऱ्यात, आणि कचरा काही दिवसांनी आपोआप साफ. वाचायचीही तसदी नाही.

शिवांजली म्हणाली, "आणि हॉस्पिटल?"

तिला वाटलं असेल की मी विसरलो. मी जाहिरातीचं कात्रण खिशातून काढलं आणि हॉस्पिटलचा पत्ता माझ्या देखत यादीत पहिल्या नंबरवर घालून घेतला. तिच्या तोंडावरची काळजी तरी उतरली नाही. ती म्हणाली, "पप्पा, थोडे दिवस थांबा. पत्र आलं की मग करा काय करायचं ते." पण गठ्ठा पुन्हा कुणाच्या पदराखालून आला असता तर? घरात लग्नाची मुलगी, आणि बापाच्या नावाने असली चित्रं यायची. अब्रूपुढे थोडे दिवस हा विचार मला करता आला नाही.

नियम लागू झाला आणि खरोखर एका दिवसात सगळं शांत झालं. इनबॉक्स धुऊन पुसून ठेवलेला. मी मतीनकडच्या मोसंबीचा रस काढून घेतला आणि शांतपणे प्यालो.

ती शांतता टिकली नाही, कारण यादीची बातमी फुटली. गुरुजींना कळलं की यादीत हॉस्पिटल आहे, माझा लातूरचा भाऊ आहे, आणि ते नाहीत. ते घरी आले, पंख्याखाली न बसता दारात उभे राहिले. "अप्पा, आमी ओळखीचे न्हाईत काय?" मी लगेच त्यांचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी पाठवली: केजचे मेव्हणे, त्यांचे साडू आणि पतपेढीचे चेअरमन. वत्सलाबाईंचा शिरूर कासारचा भाचा आला. राधाकिशन यांनी तर गाद्यांच्या साखळीतली सगळी माणसं आणली. म्हणाले, वरच्याला घेतलं आणि खालच्याला सोडलं तर साखळी नाराज होते. माझ्या ई-मेलच्या यादीत नाव लागणं याला कॉलनीत मान आला. पारावर विचारायचे, "लागलं का तुमचं?" ज्यांच्याकडे ई-मेल नव्हता त्यांनी नाव लावण्यासाठी मतीनकडे जाऊन काढला. मतीनचा धंदा वाढला, आणि कुणाला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती, कारण शेजार मोडून मेल वाचायला मी कुठे जाणार होतो?

आता इतक्या जणांनी ई-मेल काढला म्हटल्यावर त्यांना तो कुणाला तरी पाठवणं भाग होतं. त्यांना एकच पत्ता पाठ होता. गुरुजी विम्याच्या योजना पाठवू लागले. केजचे मेव्हणे देवाचं एक पत्र पाठवायचे, ते अकरा जणांना धाडलं नाही तर घरावर संकट येणार होतं. भाच्याची शुभेच्छापत्रं यायची. त्यातली घंटी वाजायला अर्धा तास लागायचा आणि तोवर वीज जायची. राधाकिशन रोज सकाळी चुंबकाचे गुण कळवायचे. मतीन गठ्ठा छापायचा तो पूर्वीपेक्षा जाड निघायचा. म्हटलं, मतीन, हेही कचऱ्यात टाकता येतं का? तो म्हणाला, "येतं की. पर ओळखीच्या माणसाला कचऱ्यात कसं टाकताव अप्पा?" मलाही ते बरं दिसेना. परवा भेटले आणि विचारलं, वाचलं का, तर?

शिवांजली रोज विचारायची. मी गठ्ठा तिच्यासमोर टाकायचो. ती एकेक कागद उलटायची, विमा, देव, घंटी, गादी, आणि परत नीट लावून ठेवायची. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एकदा तिने विचारलं, "पप्पा, कुठं चुकलं असंल माझं मुलाखतीत?" मी तिला खरं ते सांगितलं, म्हणजे तेव्हा मला खरं वाटत होतं ते. "तुझं काही चुकलं न्हाई. आपली तिथं ओळख न्हाई. ओळखीशिवाय पुण्यात कोण विचारतं?" गंगासागरने आतून माझ्याकडे पाहिलं. तिने पोरीला आत बोलावून घेतलं.

गुरुजी धावून आले. माजलगावला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांचं नर्सिंग होम होतं. तिथं आपला माणूस होता. शिवांजली तिथे लागली. सलाईन लावायला शिकलेली पोर तिथे डॉक्टरीणबाईंच्या मुलांचे डबे भरायची आणि केसपेपर लावायची. रोज एस.टी.ने जायची, रोज यायची. मी कॉलनीत सांगायचो, पोरगी लागली. गुरुजी शेजारी उभे राहून सांगायचे, कुणी लावली.

एका रविवारी इरम पेढे घेऊन आली. डोक्यावर ओढणी नीट घेतलेली, तोंडावर असा आनंद की तो झाकायची तिची धडपड दिसत होती. पुण्याच्या त्याच हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली होती, मंगळवारी रुजू व्हायचं होतं. गुरुजी आणि वत्सलाबाई त्या वेळी आमच्याकडेच होते, म्हणजे नेहमीप्रमाणे. शिवांजलीने पेढा घेतला, मैत्रिणीचे हात हातात घेतले आणि मनापासून म्हणाली, "लई बरं झालं."

इरम म्हणाली, "शिवे, तू कावून न्हाई म्हणालीस त्यांना?"

"कुणाला न्हाई म्हणाले?"

"त्या मॅडम मला फोनवर इचारत हुत्या. त्या शिवांजलीला दोनदा मेल केला, उत्तर न्हाई, फोन लागत न्हाई, तिला यायचं न्हाई का म्हून. तुला आधी घेतलं हुतं त्यांनी. तू आली न्हाईस म्हून तुझी जागा मला दिली."

गंगासागर हात पुसत बाहेर आली. मीच बोललो, कारण मला माझी बाजू मांडायची होती. मी सांगितलं की हॉस्पिटलचा पत्ता यादीत पहिल्या नंबरवर होता, मी स्वतः घातलेला.

"ते पत्र हॉस्पिटलच्या मेलवरून न्हाई आलं काका. मॅडमनी स्वतःच्या मेलवरून धाडलं हुतं," इरम म्हणाली. "माझ्यात बी आधी कचऱ्यातच पडलं. मी रोज सगळं बघायची. घाण-घाण यायचं, तरी एकेक उघडून बघायची. काय सांगावं कुठून येतं."

आम्ही मतीनकडे गेलो. कचऱ्याची पेटी उघडली. ती नियमाप्रमाणे साफ झालेली होती. मतीन माऊस हलवत राहिला, जणू हलवत राहिल्याने काही वर येईल. पलीकडून पाशाभाईंनी विचारलं, काय हरवलं? शिवांजली माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"पप्पा, मी त्यांच्या कुणाच्या ओळखीची नव्हते. तरी घेत हुते मला."

मी खात्यात असंख्य लोकांना असंख्य उत्तरं दिली आहेत. मी मतीनवर ओरडलो. टेलिफोन ऑफिसाला शिव्या घातल्या. त्या मॅडमलाही नावं ठेवली, की ऑफिसचं पत्र घरच्या मेलवरून पाठवायचं हा कुठला कारभार. बोलता बोलता मला रडू यायला लागलं, तेव्हा पाशाभाईंनी मला मोसंबीच्या खोक्यावर बसवलं.

घरी परत आलो तर गुरुजी तिथेच होते. ते म्हणाले, "अप्पा, आदी बोलला असता तर? पुण्याला आपला माणूस हाय." वत्सलाबाईंच्या भाच्याचा मित्र पुण्यात होता. राधाकिशन यांची साखळी थेट त्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत जात होती, असं ते शपथेवर सांगत होते. प्रत्येकाने हळहळून चहा घेतला. गुरुजींनी पुण्याच्या माणसाला चिठ्ठी लिहून दिली. मी ती घडी घालून खिशात ठेवली. खरं सांगतो, तेवढ्यानेही मला धीर आला.

मंगळवारच्या आधल्या दिवशी शिवांजलीने बॅग भरली. इरमसोबत जाते म्हणाली. जागा भरली आहे म्हटलं, तर म्हणाली, पुण्यात हॉस्पिटल एकच न्हाई, दारोदार जाईन, सर्टिफिकेटं दाखवीन. मी विचारलं, कुणाच्या ओळखीनं? ती म्हणाली, "कुणाच्याच न्हाई." गंगासागरने तिला शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून दिल्या आणि मला काही विचारलं नाही, यावरून त्या दोघींचं आधीच ठरलं होतं हे मला कळलं.

स्टँडवर पुण्याची गाडी लागली. इरमने खिडकीची जागा धरून ठेवली होती. मी खालून चिठ्ठी वर केली. "हे असू दे. गुरुजींचा माणूस हाय, उतरल्याबरोबर भेट."

शिवांजलीने ती घेतली नाही. हात बाहेर काढून माझा हात मात्र धरला.

"पोचलीस की कळव," मी म्हणालो.

"फोन तर बंद हाय."

"मेल कर. मी मतीनकडं जाऊन बसतो."

"इरमनं काल माझ्या नावाचं खातं काढून दिलं. त्याच्यावरनं करते," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, टोमणा म्हणून नव्हे, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं म्हणून तिने विचारलं, "पर मी हाय का पप्पा तुमच्या यादीत?"

नियम अजून तसाच होता. एवढ्या हळहळीत तो काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली आणि मी स्टँडवर उभा राहून यादी आठवू लागलो. हॉस्पिटल होतं, भाऊ होता, गुरुजी, त्यांचे मेव्हणे, मेव्हण्यांचे साडू, चेअरमन, भाचा, सगळ्या गाद्यावाल्यांची साखळी होती. शिवांजलीचं नाव घाला असं मला कुणी सांगितलं नव्हतं.